बैलाचा रस्ता

लुंबिनीने खोडा बुद्धनगरातच रोवला होता. जनावर उभं करून बांधायची ती लोखंडी चौकट, शेजारी पाण्याची टाकी, वर पत्रा, पत्र्याला ‘बुद्धनगर’ लिहिलेली पाटी. एवढाच तिचा दवाखाना. हिमायतनगर तालुक्याच्या या टोकाला जनावरांचा दुसरा डॉक्टर नव्हता, म्हणून तिने सरकारी अनुदानासाठी अर्ज केला होता. आज साहेब तपासणीला आले होते. खोड्यात मोठं जनावर आणि त्यावर उपचार चालू, असा फोटो त्यांनी जागेवर काढला की काम झालं. नाहीतर अर्ज बाद.

खोडा सकाळपासून रिकामा होता. बुद्धनगरात शेळ्या भरपूर, पण बैल एकाकडेही नव्हता. ते गावात. आणि गावचे बैल पोळ्याच्या मिरवणुकीतसुद्धा बुद्धनगराच्या तोंडाशी येऊन मागे वळत. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, लुंबिनीने पुष्कळांना विचारलं होतं. कुणालाच सांगता आलं नव्हतं.

“म्हणून म्हणतो पोरी,” सरपंच आप्पासाहेब म्हणाले, “माझ्या शेतातल्या आखाड्यावर हॉल रिकामा हाय. खोडा तिकडं लाव. उद्याच्याला पाच बैल उभे करतो. पाटी तुझ्याच नावाची.”

“आणि या शेळ्या?” लुंबिनीने पत्र्याखाली थांबलेल्या शेळ्यांकडे हात केला.

“बाहेर थांबतील की.”

“आणि शेळीवाल्या?”

आप्पासाहेब साहेबांकडे वळले.

“मॅडम,” साहेब म्हणाले, “जागा सगळ्यांच्या सोयीची हवी. गावातले लोक इथं येत नाहीत म्हणे.”

“मग तसं लिहा सर. बैल या गल्लीत वळत नाहीत म्हणून अर्ज नामंजूर. का वळत नाहीत तेही लिहा, आणि खाली सही करा.”

साहेबांनी पेन काढलं नाही.

समोर बुद्धनगराच्या तोंडाशी, फाट्यावर, गावातला व्यंकटी मघापासून बैल धरून उभा होता. बैलाचा खांदा आला होता. जुवाखाली घासून मानेवर नारळाएवढी सूज. पेरणी तोंडावर.

“व्यंकटीमामा, आणा की इकडं!”

“व्यंकटी,” आप्पासाहेब सावकाश म्हणाले, “पोळ्याच्या रांगेत तुझी जोडी कितवी असती, ठाऊक हाय नव्हं?”

व्यंकटी जागचा हलला नाही.

“बैलाची काही अडचण आहे का, तेवढं बघू,” लुंबिनी म्हणाली. “मामा, कासरा ढिला सोडा.”

व्यंकटीने कासरा सोडला. बैलाने नाक वर करून हुंगलं, आणि तो तडक टाकीशी येऊन पाण्यात तोंड घालून उभा राहिला.

“व्यंकटी!”

“मी कुठं नेलो आप्पा? बैल गेला.”

शेळी धरून बसलेली पारूबाई फिसकन हसली.

“मागं फिरव त्याला!”

“पाणी पिऊन राहिलाय. पित्या जनावराला हुसकावतेत व्हय?”

“मामा,” लुंबिनीने विचारलं, “परक्या हाताला मारतो का हा?”

“मारतो की. लई द्वाड हाय.”

“मग वेसण धरायला तुम्हीच या.”

व्यंकटीने एकदा आप्पासाहेबांकडे पाहिलं. “मला समद्यात मागं उभं करा आप्पा. खांदा बरा झाला तर मागून का व्हईना, बैल चालंल तरी.” आणि तो फाटा ओलांडून आला.

वेसण धरून त्याने बैल खोड्यात घातला. खोड्याचा आडवा दांडा खाली पडला. साहेबांनी मोबाईल काढला. लुंबिनीने हातमोजे चढवले आणि मान वर न करता सूज चाचपली.

“सर,” ती म्हणाली, “जरा मागं सरका. बुद्धनगरची पाटी कापू नका.”