दहा इंचांची नळी

“पाय उचललंस तर डाव ग्येलो गो, सुलू,” असं माझे सासरे मला ऐन सामन्याआधी म्हणाले होते. मी म्हटलं होतं, “बाबा, तुम्ही जान्हवीकडे बघा. पूलचं मी बघते.”

जान्हवी माझी लेक, तेव्हा चौदा महिन्यांची. मी मुलुंडच्या क्लबात पूल, म्हणजे काठीने बॉल मारून टेबलाच्या भोकांत घालायचा खेळ, खेळायला गेले की बाबा तिला मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे. त्यांचा सगळा जन्म लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, गेला; आधी गिरणीच्या वर्कशॉपमध्ये, मग इथल्याच एका कारखान्यात. त्यांना पूलमधलं काय कळणार, असं मला वाटायचं. पण नातीला थोपटता थोपटता त्यांनी भिंतीवरचे सगळे नियम वाचून काढले होते. शॉट मारताना एक तरी पाय जमिनीला टेकलेला हवा. टेबल नऊ फुटांचं आणि मी चार फूट अकरा इंच! लांबचा बॉल आला की मी काठावर पोट टेकून अक्षरशः वर चढायचे.

त्या दिवशी उपनगरांच्या महिला संघात एकच जागा उरली होती. शेवटचा काळा बॉल मी पॉकेटमध्ये घातला, आनंदाने मागे वळले, तर पंच म्हणाले, “फाउल. पाय हवेत होता.” काळ्यावर फाउल म्हणजे अख्खा गेम गेला.

रिक्षात बाबा माझ्या काठीचं बूड फिरवून फिरवून बघत होते.

पंधरा दिवसांनी जान्हवीच्या मुठीत मला काहीतरी चकाकताना दिसलं. धातूची कुरळी, धारदार पट्टी! आधी तिचं तोंड तपासलं, मग बोटं, मग पुन्हा तोंड.

“बाबा, हे कुठून आलं?”

ते स्वतःच्या शर्टाचा खिसा चाचपत म्हणाले, “किरणच्या लेथार ग्येल्लंय जरा.” किरण म्हणजे त्यांच्या जुन्या कारखान्यातला हाताखालचा पोरगा, आता त्याचा स्वतःचा गाळा आहे.

एकाहत्तराव्या वर्षी! हात थरथरतात, आणि त्या गरगरत्या मशीनपाशी लांब बाह्यांचा शर्ट घालून! मी बोलत सुटले. त्यांनी शांतपणे पिशवीतून ॲल्युमिनियमची एक नळी काढली. दहा इंच लांब, एका टोकाला आटे. माझ्या क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, बुडाला रबराखाली आट्यांचं भोक होतं. मी जान्हवीला भरवत असताना त्यांनी त्याचं माप घेतलं होतं. नळी फिरवून बसवली की क्यू दहा इंच लांब होतो. पुढचा हात आहे तिथेच ठेवायचा, मागचा मागे सरकवायचा आणि पाय जमिनीवर.

मी दोन दिवस वापरून बघितली. क्यूचं वजन मागे गेलं आणि ज्याला क्यूने मारायचं तो पांढरा बॉल वाटेल तिकडे पळायला लागला. नितेश, माझा नवरा, म्हणाला, “पूल खेळतेस का भालाफेक?” मी नळी खणात टाकून दिली.

आणि यंदा पुन्हा निवड, पुन्हा एकच जागा! समोर वर्सोव्याची ऋतिका, पाच फूट आठ इंच. “ताई, स्टूल आणू का?” म्हणाली. मी म्हटलं, “आण, तुलाच लागेल रडत बसायला.” चार-चार गेम झाले. शेवटच्यात तिचा काळा हुकला. माझाही काळाच उरलेला, पण पलीकडच्या कोपऱ्यात. पांढरा टेबलाच्या मधोमध. मी वाकले, अंग ताणलं, आणि बुटाचा पुढचा भाग सुटायला लागलेला मला कळला.

मी थांबले. कोपऱ्यात पाहिलं. बाबांच्या मांडीवर जान्हवी, आणि तिच्या दुपट्यात गुंडाळलेली ती नळी. खणातून काढून घेऊन आले होते!

पंचांनी नळी उलटसुलट करून पाहिली. “चालेल.” मी फिरवायला लागले. एक, दोन... वाकणार इतक्यात बाबांनी तीन बोटं वर केली: अजून एक फेरा. तिसरा आटा टक् करून बसला. मागचा हात चांगला चार बोटं मागे घेतला. दोन्ही टाचा जमिनीवर. मारला!

काळा निघाला, पॉकेटच्या ओठाला लागला, घुटमळला. पांढरा मधल्या पॉकेटकडे घरंगळत चाललेला. तोही आत पडला तर फाउल, पुन्हा सगळं संपलं! पांढरा बोटभर अलीकडे थांबला आणि काळा आत पडला.

मी ओरडले. जान्हवी दचकून रडली. बाबा तिला उचलून, “आयशीन मारल्यान गो, मारल्यान!” असं तिलाच सांगत सुटले. सगळ्यांत आधी ऋतिका धावत आली. “ताई, हे कुठे मिळतं? मला पण पाहिजे!”

“तुला कशाला गं, ताडाच्या झाडा?”

“असू दे ना यार!”

तिचं बघून क्लबातल्या आणखी चौघींनी मागितली. आता बाबा रोज दुपारी किरणच्या लेथवर असतात. “बाह्या दुमडा, चष्मा लावा,” असं मी रोज बजावते. ते म्हणतात, “तू पूलचा बघ. लेथचा मी बघतंय.”

उद्या मी संघाबरोबर चार दिवस पुण्याला चाललेय, जान्हवीला घेऊन. नितेश दिवसभर ऑफिसात. तुम्ही मुलुंडच्या त्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला राहत असाल, तर तीनच्या सुमारास किरणच्या गाळ्यात जरा डोकावाल का? बाबांचं नाव लवू; त्याच नावाने विचारा. बाह्या कोपरापर्यंत वर आहेत का, तेवढं बघा. नसल्या तर आधी मशीन बंद करायला लावा, आणि मग सांगा, सुलूने पाठवलंय.