काजळलेलं अस्वल

रविवारी दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढतो आणि फ्रेमा कापायच्या टेबलावर राज्य मांडतो. राज्य म्हणजे फाशांचा खेळ. जंगल, पूल, भुतंखेतं सगळी माझ्या डोक्यातली आणि खेळणारे त्यातले वाटसरू. जनावरांच्या वतीनं बोलायचं कामही माझंच. नव्या खेळाडूला मी उरल्यासुरल्या लाकडातून एक जनावर कोरून देतो. ते काळ्या शक्तीच्या तावडीत सापडलं, की त्याला बुटाचं काळं पॉलिश फासायचं आणि शत्रूच्या बाजूला मांडायचं. काजळलेलं जनावर पुन्हा शुद्ध होत नाही, हा नियम शेजारच्या घरातल्या थोरल्या पोराचा. त्यानंच टेबलावर मूठ आपटून तो मंजूर करून घेतला होता. "गेलं ते गेलं. नाहीतर खेळात राम काय?"

मग एक दिवस वडिलांशी कडाक्याचं भांडून तो घर सोडून गेला. फोन बंद. खेळ सोडणाऱ्याचं जनावर काजळतं, म्हणून त्याच्या अस्वलालाही मी पॉलिश फासलं. त्याच्या जागेवर त्याची धाकटी बहीण येऊन बसायला लागली. खेळायला नव्हतीच येत ती. भावाच्या खुर्चीत बसायला येत होती, हे शेंबडं पोरही सांगेल.

परवा पुलावर तेच अस्वल आडवं आलं.

"बाण मारते," आमच्यात खेळणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या. आठवडाभर माणसं वाचवतात, त्यामुळे रविवारी त्यांना कुणी ना कुणी मारायला लागतं.

"थांबा," धाकटी म्हणाली. "काका, हे शुद्ध नाही का होऊ शकत?"

"तुझ्याच भावाचा नियम आहे."

"मग त्यालाच येऊन सांगू दे की मला."

कपाळ! मी चिडलो. मला रडारड सोसत नाही, आणि तो पोरगा मलाही हवा होता, ते वेगळंच. "बोल त्याच्याशी," मी म्हणालो. "ऐकलं तर ऐकलं."

फासे न टाकताच ती पुढे वाकली. "घरी चल ना," ती अस्वलाला म्हणाली. "बाबा आता ओरडत नाहीत. बेल वाजली की सगळ्यांत आधी तेच उठतात. दादा, येशील ना रे?"

नर्सबाईंनी हातातले फासे हळूच खाली ठेवले. दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, कारण अस्वलाच्या वतीनं बोलायचं मला. हो म्हणणं किती सोपं होतं! पण जीभ रेटेना. परत येणार की नाही, हे थोरला काय मला सांगून गेला होता?

"त्याला बोलता येत नाही," शेवटी मी म्हणालो. "पण ते पळालंही नाही."

तिनं टर्पेंटाइनची बाटली ओढली, चिंधी भिजवली आणि अस्वल पुसायला घेतलं. पाठ उजळली, पोट उजळलं. मी कोरलेल्या केसांच्या खाचांतलं काळं मात्र काही केल्या निघेना.

"आण इकडे, पटाशीच्या टोकानं खरवडून देतो."

"नको." तिनं मूठ मिटली. "एवढं राहू दे. तो आला, तर आम्ही काय त्याला खरवडत बसणार आहोत?"

मग ती त्याच्या खुर्चीवरून उठली, अस्वल तिथे ठेवलं आणि स्वतःसाठी कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं. खेळ पुढे सुरू झाला. त्याची पाळी आली, की आम्ही तिघं जरा थांबत होतो.