माझ्या आवाजातलं नको

"मधूच्या टॅबलेटला आवाज स्वतःचा देऊ नका, प्रियंका," शिखा मॅडम म्हणाल्या होत्या. "तिच्या वयाच्या एखाद्या मुलीचा घ्या. घरात भानगड होईल." मी हसण्यावारी नेलं. आवाजावरून कसली आलीय भानगड?

शिखा मॅडम राजेंद्र नगरात मधूसारख्या मुलांना शिकवतात. मधू, म्हणजे आमची मधुरिमा, सात वर्षांची. हातपाय तिचं ऐकत नाहीत, बोलताही येत नाही. तिच्या उजव्या कोपराशी वाटीएवढं लाल बटण बसवलंय आणि समोर टॅबलेट. त्यावर चित्रांचे चौकोन असतात आणि एक पिवळी चौकट एकेका चित्रावरून सरकत जाते. हव्या त्या चित्रावर चौकट आली की मधूनं कोपर दाबायचं, टॅबलेट तो शब्द बोलतो. रंग, आकडे, अक्षरं, सगळा अभ्यास त्याच्यावरच. पण त्यातली मराठी बोलणारी बाई अशी बोलायची, जणू बँकेतून फोन आलाय. म्हणून एका दुपारी मी कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून, बाहेरच्या गाड्या ऐकू येऊ नयेत अशा बेतानं, सगळे शब्द स्वतःच म्हणून भरले. पाणी. आणखी. आजी. हो. नको.

दोनच दिवसांनी सासूबाई दलियाची वाटी घेऊन मधूसमोर बसल्या. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून माझाच खणखणीत आवाज आला, "नको."

"काय म्हणालीस?" सासूबाई ओरडल्या.

"मी नाही आई, मधू!"

"हा मधूचा आवाज आहे? मला काय बहिरी समजतेस?"

लग्नाला नऊ वर्षं झाली, पण हा शब्द मी त्यांच्यासमोर कधी उच्चारला नव्हता. आता तो रोज घरभर घुमायला लागला. पुढच्या रविवारी त्यांची बहीण आली. पोहे-जलेबी झाली आणि मावशींनी सवयीप्रमाणे मधूचा गाल ओढला. "नको. नको. नको." मावशी खो खो हसल्या. "सरला, तुझी सून तर मशीनमधून पण सुनावते गं!"

सासूबाईंना हसू आलं नाही. संध्याकाळी विक्रम माझ्याजवळ येऊन बसला. "यार, ते एक नको काढून टाक ना. बाकी सगळं राहू दे. आईला बुरा वाटतं."

काढणं सोपं आहे. सेटिंगमध्ये जायचं, चित्र लपवायचं, झालं. पण मी अमिताला पाहिलं होतं. हातोद गावची अमिता मधूपेक्षा थोडी मोठी. तिची आजी, द्वारकाबाई, तिला बसनं शिखा मॅडमकडे आणायची. ती पाहुण्यांना सारखी नको म्हणते म्हणून तिच्या काकांनी ते चित्र लपवलं. आठवडाभरात अमितानं बटण दाबणंच सोडलं. चौकट फिरत राहायची आणि ती खिडकीकडे बघत राहायची. मग त्यांचं येणंही बंद झालं.

"नाही काढणार," मी विक्रमला म्हटलं. माझ्या खऱ्या तोंडानं.

परदेशीपुऱ्याजवळच्या एका हिंदी शाळेनं मधूला बघायला बोलावलं, तेव्हा विक्रमला सुट्टी नव्हती. व्हीलचेअर ऑटोत चढवायला दुसरं माणूस हवं, म्हणून सासूबाई आल्या. तोंड फुगवूनच. हेडमास्तरीण मनोरमाजी टॅबलेटकडे, मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पहले देखना पड़ेगा कि बच्ची समझती भी है या नहीं."

मी फळांचं पान उघडलं आणि मागे सरकून बसले. हात मांडीखाली दाबून धरले.

"सेब कहाँ है, बेटा?"

चौकट सफरचंदावरून गेली, केळ्यावरून गेली, शेवटच्या चौकोनावर आली आणि कोपर दाबलं गेलं. "नको."

"आप मत बोलिए, प्लीज़."

"मैं कहाँ बोली, मैडम? ये मधू बोली. मेरी आवाज़ भरी है बस."

"अच्छा. केला कहाँ है?"

"नको."

मनोरमाजींनी पेन खाली ठेवलं. "देखिए, या तो ये समझती नहीं, या कुछ भी दबा रही है. एक काम कीजिए, ये नको वाला हटा दीजिए. फिर देखते हैं."

"नहीं हटेगा."

"आपको एडमिशन चाहिए कि नहीं?"

"चाहिए. नको के साथ चाहिए." एवढ्या शाळांनी तोंड फिरवल्यावर ही एक जरा ऐकणारी भेटली होती, आणि तीही मी घालवत होते.

तेवढ्यात मागून सासूबाई उठल्या. आता ह्या पण म्हणणार, काढून टाक.

"मैडम, मेरी सुनो. ये बहू मेरे को आजतक नको नहीं बोली. हिम्मतच नहीं इसकी! ये छोरी बोलती है. मेरे से पूछो, मैं रोज सुनती हूँ. दलिया लाओ तो नको, बाल बनाओ तो नको. और केला दो तो एक बार नहीं बोलती, पूरा खा जाती है. सेब-केला इसको कब से आता है. कोई आपको रोज पूछे, बताओ नाक कहाँ है, तो आप क्या बोलोगी?"

मनोरमाजी सासूबाईंकडे वळल्या. मग हसल्या. "तो क्या पूछूँ?"

"वो पूछिए जो आपको खुद नहीं मालूम," मी म्हटलं.

त्या खुर्ची ओढून मधूच्या समोर बसल्या. पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघत विचारलं, "यहाँ, हमारे साथ पढ़ना है?"

मी हो-नकोचं पान उघडलं. चौकट निघाली. हो वरून, मधल्या आजीच्या चित्रावरून गेली. नको वरूनही गेली. ती नको म्हणाली तर? तर तेही तिचंच उत्तर, मी स्वतःला बजावलं. पुन्हा हो आलं, मधूचं कोपर थरथरलं, पण उशीर झाला आणि पुढचा चौकोन बोलला, "आजी."

"हो गं बाई, इथंच आहे मी," सासूबाई पुटपुटल्या.

मी चौकटीचा वेग कमी केला. चौकट हो वर येऊन थांबली. कोपर दाबलं गेलं. "हो."

मनोरमाजी टॅबलेटकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझे ओठ घट्ट मिटलेले होते.

"एक महीना देखते हैं," त्या म्हणाल्या.

"हाँ जी, हम भी आपको देखेंगे," सासूबाईंनी सांगून टाकलं.

शिखा मॅडमनी आता मधूच्या वयाच्या मुलीचा आवाज शोधलाय, पण सासूबाईच म्हणाल्या, राहू दे, सवय झाली. परवा मी धीर करून तोंडानंच म्हणून पाहिलं, "आई, आज दलिया नको." त्या म्हणाल्या, "तू आता मशीन झालीस का?" पण दलिया केला नाही.

द्वारकाबाईंचा फोन लागत नाही. तुमच्यापैकी कुणी हातोदकडे जात असाल तर मंडीमागच्या गल्लीत त्यांचं घर विचारा. अमिता आतल्या खोलीत असेल, टॅबलेट बहुतेक कपाटावर. तो खाली काढा, चार्ज करा, लपवलेल्या चित्रांतून आधी तिचं नको परत आणा. मग तिला असं काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही. आणि थांबा. तिला वेळ लागतो. ती काय म्हणाली ते मला कळवा. नको म्हणाली, तर आधी कळवा.