ढऊल, ढवली आणि मी

मित्रांनो, माझ्यासारख्या लॅपटॉपला दहा वर्षे म्हणजे म्हातारपणच. माझी बॅटरी केव्हाच निकामी झाली आहे, त्यामुळे वायर निघाली की मी तिथल्या तिथे बंद पडतो. झाकणाची एक बिजागरी सैल आहे. ते मागे पडू नये म्हणून माझ्या पाठीशी एक वीट उभी केलेली असते. मी शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पुढे एका लहान गावात, समाजमंदिरामागच्या खोलीत राहतो. त्या खोलीत माझ्याशिवाय पत्र्याचे तेवीस डबे आहेत. त्या डब्यांत भाताचे बियाणे असते.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती ठाण्यातल्या एका कचेरीची. तिथे सहा वर्षे मी थंड हवेत बसून तक्ते भरले. मग नवे लॅपटॉप आले आणि आम्हा आठ-दहा जुन्यांना एका खोक्यात घातले गेले. एका संस्थेने ते खोके मागून नेले. त्यातला मी गोणपाटात गुंडाळून, एसटीच्या सीटखाली बसून, डोळखांबला उतरलो.

मला न्यायला स्नेहल आली होती. ती याच गावची. शहापूरच्या कॉलेजातून बी.ए. झाली होती. गावातल्या बायकांच्या गटाने जुन्या भातांचे बियाणे जपायला ही खोली सुरू केली होती आणि तिथले लिहिण्याचे काम स्नेहलकडे होते. बियाण्याची खरी जाणकार मात्र अंबूबाई. सत्तरी ओलांडलेल्या अंबूबाईला अक्षर येत नव्हते, पण दाणा तळहातावर चोळून, नाकाशी नेऊन ती सांगायची: हे हळवे भात, लवकर तयार होईल, माळावरच्या शेतात लावा. हे गरवे, याला वेळ लागेल, खोल खाचरातच लावा, जिथे पाणी उशिरापर्यंत टिकते.

माझ्या पोटात नवे सॉफ्टवेअर मावत नव्हते. म्हणून स्नेहलने दुसरी वाट शोधली. मोबाइलचे नेट मला जोडून ती वेबसाइटवरची फुकटची साधने वापरून बघू लागली. रेंज फक्त खिडकीपाशी यायची, म्हणून माझे टेबलही खिडकीला लागले.

पहिले काम फोटोंचे होते. गटातल्या बायकांचे फोटो संस्थेला पाठवायचे होते, आणि प्रत्येक फोटो पन्नास केबीच्या आत हवा होता. स्नेहलने एक साइट उघडली. तिथे एक मोठे हिरवे बटण होते. ते दाबले तर ती निघाली जाहिरात, आणि माझ्यावर पाच खिडक्या एकदम उघडल्या. मला धाप लागली. दुसऱ्या साइटवर मात्र काम झाले. अंबूबाई शेजारीच बसून बघत होती.

"काय केलंस गो?" तिने विचारले.

"तुझा फोटो बारीक केला, आजी."

अंबूबाईने माझ्याजवळ वाकून पाहिले. "माझं तोंड तर तेवढंच दिसतंय. मग बारीक काय झालं?"

स्नेहल हसली. तिला ते नीट सांगता आले नाही, आणि खरे तर मलाही सांगता आले नसते.

त्यानंतर ती रोज काहीतरी नवे करून बघायची. बायकांच्या आधारकार्डांची आणि अंगठे उठवलेल्या कागदांची सुटी पाने जोडून एक फाइल केली. संस्थेचे जुन्या फॉन्टमधले पत्र नव्या फॉन्टमध्ये बदलले. ज्या कामांसाठी आधी शहापूरला खेप पडायची, ती खिडकीपाशी होऊ लागली. बायका मला पदराने पुसू लागल्या. कचेरीत मला असे कुणी पुसले नव्हते. मला अभिमान वाटू लागला, हे मी लपवत नाही.

मार्च महिन्यात बियाण्याची यादी करायची ठरली. स्नेहलने बोलले की टाइप होणारे एक साधन शोधले. अंबूबाई एकेक डबा उघडायची, मूठभर दाणे हातावर घ्यायची आणि बोलायची. त्या साधनाला तिचे बोलणे कळत नव्हते. ती म्हणायची एक आणि माझ्यावर उमटायचे भलतेच. स्नेहल प्रत्येक शब्द खोडून, अंबूबाईला पुन्हा विचारून, हाताने बरोबर लिहायची. संध्याकाळपर्यंत तेवीस नावे झाली. त्यात एक होते ढऊल आणि एक होते ढवली. ढऊल गरवे, ढवली हळवे. दाणा दिसायला जवळजवळ सारखाच.

ती यादी स्नेहलने माझ्यात जपून ठेवली आणि तिला नाव दिले 'पहिली यादी'. तिथेच ती थांबली असती तर पुढचे काही झाले नसते.

पण यादी संस्थेला जायची होती आणि तिला ती शुद्ध हवी होती. तिने यादीची एक प्रत शुद्धलेखन तपासणाऱ्या साइटवर टाकली. निम्म्या नावांखाली लाल रेघा आल्या. साइटने ढऊलच्या जागी 'ढवळी' सुचवले आणि ढवलीच्या जागीही 'ढवळी'च सुचवले. स्नेहलला वाटले, अंबूआजी ळ चा ल करते, तसेच हेही असेल. तिने 'सर्व दुरुस्त करा' हे बटण दाबले. मग तक्ता नीट लावून देणाऱ्या दुसऱ्या साइटवर तिने यादी नेली. तिथे विचारले गेले, एकसारख्या नावांच्या ओळी काढून टाकू का? तिने हो म्हटले. त्या साइटला दोन 'ढवळी' दिसल्या. साइटने एक ठेवली, एक काढली. उरलेल्या ओळीत लिहिले होते: हळवे, माळावर लावा.

यादीत बावीस नावे आणि खोलीत तेवीस डबे, हे स्नेहलच्या लक्षात आले होते. तिने डबे उघडून पाहिले. दोन डब्यांतले दाणे सारखेच दिसत होते. एकच बियाणे दोन डब्यांत ठेवले असेल, असे समजून तिने दोन्हींवर 'ढवळी' अशी एकच छापील चिठ्ठी चिकटवली. अंबूबाईला विचारायचे म्हटले तर ती गावात नव्हती. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यामुळे ती टोकावड्याला लेकीकडे राहिली होती. फोन करता आला असता. पण एवढ्याशा गोष्टीसाठी म्हातारीला कशाला त्रास द्यायचा, असे स्नेहलला वाटले.

मे महिन्याच्या शेवटी बियाणे वाटले गेले. ज्यांचे शेत माळावर, त्यांना ढवळी. गटातल्या जनी आणि सावळी या दोघींना ढवळीच्या दोन डब्यांपैकी दुसऱ्यातले मिळाले. जनीने दाणे हातात घेऊन जरा वेळ पाहिले, चिठ्ठीकडे पाहिले, आणि काही न बोलता ते पिशवीत ओतले.

आषाढात अंबूबाई परतली. काळा चष्मा लावून, काठी टेकत ती थेट खोलीत आली आणि एकेका डब्यात हात घालू लागली. दोन डब्यांपाशी ती थांबली. दोन्हीतले चार-चार दाणे तिने दाताखाली घेतले.

"ह्या डब्यातलं कुणाला दिलंस?"

"जनीमावशीला आणि सावळीमावशीला. ढवळी आहे ना ती?"

"ती कंची? ही ढवली हाय, आन् हा ढऊल. दोघींची शेतं मालावर हायत. तिथं ढऊल कसा होईल गो?"

स्नेहल माझ्यासमोर येऊन बसली. तिने आधी नवी यादी उघडली, मग फोल्डरमागून फोल्डर उघडत शेवटी 'पहिली यादी' काढली. तिथे दोन्ही नावे शेजारी शेजारी होती, जशी अंबूबाईने सांगितली होती तशी.

मित्रांनो, ती यादी तेव्हापासून माझ्याच पोटात होती. बियाणे वाटले गेले त्या दिवशीही होती. पण कुणी उघडल्याशिवाय मला काही सांगता येत नाही. माझ्या आयुष्यात मला याच गोष्टीचे सर्वांत जास्त वाईट वाटते.

स्नेहल पावसात तशीच दोघींच्या शेतांकडे निघाली. सावळीची लावणी व्हायची होती. अंबूबाईच्या घरच्यांनी केलेली हळवी रोपे तिने सावळीला दिली आणि सावळीची ढऊलची रोपे आपल्या खोल खाचरात लावून घेतली. सावळीचे शेत वाचले. जनीला मात्र मजुरीच्या लावणीवर मुरबाडकडे जायचे होते, म्हणून तिने आपली लावणी दोन दिवस आधीच उरकली होती. उपटून पुन्हा लावायला रोपेही उरली नव्हती आणि दिवसही.

दसऱ्यानंतर माळावरची शेते सुकली. शेजारच्या शेतांत कापणी सुरू झाली, तेव्हा जनीच्या भाताला नुकत्या लोंब्या येत होत्या. पुढे महिनाभराने ती खोलीत आली. तिने एक लोंबी माझ्या झाकणावर ठेवली. स्नेहलने ती बोटांनी दाबली. निम्म्याहून जास्त दाणे पोचट होते.

"मावशी, चूक माझी आहे," स्नेहल म्हणाली. "तू मला काहीही बोल."

जनी उंबऱ्यावर बसली.

"तुला काय बोलू?" मग ती म्हणाली. "दाना हातात घेतला तवाच मला वेगला वाटला होता. पण तुमी चिठ्ठी छापून लावलेली. मला वाटलं, छापलंय म्हंजे खरंच असंल. आपन कशाला मधी बोलायचं? मी गप बसले, ती माझी चूक."

"तू बोलायला हवं होतंस, मावशी."

"तू इचारलं असतंस तर बोलले असते."

एरवी उन्हाळ्यापर्यंत पुरणारा तांदूळ जनीला त्या वर्षी संक्रांतीपर्यंतच पुरला. गटातल्या बायकांनी आपापल्या घरून पायली-पायली भात तिच्याकडे पोचवले. जनीने ते घेतले, पण प्रत्येक वेळी ते घेताना तिचा चेहरा कसा व्हायचा, ते स्नेहलने पाहिले होते.

जनी लोंबी घेऊन आली त्या दिवसापासून मी बंद झालो. स्नेहलने मला गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवले. माझ्यावर धूळ बसली, कीबोर्डच्या फटीत मुंग्यांनी ये-जा सुरू केली. ती वहीत लिहू लागली. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

माघ महिन्यात अंबूबाईनेच विषय काढला.

"ते यंत्र वर का ठेवलंस?"

"त्याच्यामुळेच सगळं झालं ना, आजी."

"त्याला आपली भातं कुठं ठावी हायत? कुनी शिकवली त्याला? तुला तरी कुठं ठावी होती. खाली काढ. तू त्याच्यावर काय करायचं ते कर, मी बाजूला बसते. पाठवायच्या आधी मला वाचून दाखव."

मग स्नेहलने पुन्हा फुकटची साधने शोधायला सुरुवात केली, पण या वेळी तिची रीत बदलली होती. नवे साधन हाती आले की आधी ती त्याच्यावर एखादी खोटी, बिनकामाची यादी टाकून बघायची. ते काय बदलते, काय गाळते, हे पाहायची. बायकांचे आधारकार्ड आणि अंगठ्याचे कागद तिने अनोळखी साइटवर टाकणे बंद केले. मूळ फाइलची एक प्रत माझ्यात आणि एक पेनड्राइव्हवर राहू लागली. ते बरेच झाले, कारण फोटो बारीक करून देणारी ती साइट एके दिवशी उघडेनाशीच झाली.

त्यातूनच तिला आवाज साठवणारे एक साधन सापडले. ते लिहून देत नव्हते, दुरुस्तही करत नव्हते. जे बोलले तेवढेच ठेवत होते. दुसऱ्या एका साइटवर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची चिठ्ठी तयार व्हायची. तिच्यासमोर मोबाइल धरला की तो आवाज ऐकू यायचा. स्नेहलने प्रत्येक डब्यासाठी अंबूबाईचा आवाज घेतला, डोळखांबला जाऊन चिठ्ठ्या छापून आणल्या आणि डब्यांवर चिकटवल्या. पहिली चिठ्ठी जनीने तपासावी, असे तिने ठरवले होते. जनीने मोबाइल धरला. अंबूबाईचा आवाज आला, "हा ढऊल. गरवा हाय. खाली खाचरात लावा. मालावर लावू नका."

जनीने डब्यात हात घातला, दाणे चोळले, वास घेतला. मग म्हणाली, "बरोबर हाय." आणि पुढच्या डब्याकडे वळली. ती तेवीसही डब्यांपाशी गेली. स्नेहल तिच्यामागून एकेक खूण करत होती.

सगळे डबे झाले, तेव्हा अंबूबाईने पदराची गाठ सोडली. आत मूठभर भात होते. बारीक, तांबूस, मी कधी न पाहिलेले.

"हे पन घे," ती म्हणाली. "मागल्या वर्षी नव्हतं दिलं. वाटलं, लिवलं की काय व्हईल कुनाला ठावं. दर वर्षी वाफाभर लावते, बी मरू नये म्हनून."

स्नेहलने माझ्यावर नवी ओळ उघडली. "नाव काय, आजी?"

"नाव नाय. सासूनं दिलेलं. नाव कधी लागलंच नाय, आमच्या घरातच असायचं."

तक्त्याची ती साइट नावाशिवाय ओळ घेत नव्हती. रकाना लाल झाला आणि खाली काही नावेही सुचवली गेली. स्नेहलने हात मागे घेतला. तिने जनीकडे पाहिले, जनीने अंबूबाईकडे. मग स्नेहलने तक्ता तसाच ठेवून आवाजाचे साधन सुरू केले आणि म्हणाली, "आजी, सासूनं हे कधी दिलं ते सांग." अंबूबाई सांगू लागली.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे आणि ही फुकटची साधने तुम्ही जरूर वापरा. आम्हाला पुसा, धुळीपासून जपा, आमचा उपयोग करून घ्या. पण आम्ही जे बरोबर म्हणून दाखवू, ते ज्याच्या तोंडचे आहे त्याला आधी विचारा. सासूची गोष्ट त्या दिवशी बराच वेळ चालली होती. मधेच वीज गेली आणि मी बंद पडलो, तरी तिघींपैकी कुणीही माझ्याकडे पाहिले नाही.