घराला माणूस समजणारा तक्ता

मी एक जुना तक्ता आहे. मित्रांनो, तक्ता म्हटले की तुम्हाला शाळेच्या भिंतीवर टांगलेला पाढ्यांचा तक्ता आठवेल. मी तसा नाही. मी संगणकात राहतो. आडव्या ओळी आणि उभे रकाने एवढेच माझे अंग. भिलाईच्या सेक्टर सहामध्ये विहाराला लागून एक खोली आहे, तिथल्या संगणकात माझा जन्म झाला. आता मी 'जुने' नावाच्या कप्प्यात पडून असतो. मला कोणी पुसून टाकले नाही. पुसले असते तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

ती खोली भांड्यांची. विदर्भातून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला आलेल्या आपल्या लोकांनी ती उभी केली. त्या काळी लग्नाचा मांडव क्वार्टरासमोरच्या सडकेवरच पडे. पाहुणे शेजारच्या क्वार्टरांत निजत आणि वरणभात समाजाच्या भांड्यांत शिजे. मोठे पितळी गंज म्हणजे पातेली, कढया, पराती, झारे. कोणी आईच्या आठवणीत भांडे देई, कोणी मुलगा नोकरीला लागला म्हणून. देणाऱ्याचे नाव भांड्याच्या काठावर ठोकून घातलेले असे. विळखा घालून गंज उचलला की बोटांना ती अक्षरे लागत.

या खोलीचा कारभार भय्याजींकडे होता. ते प्लांटच्या टाइम ऑफिसात कारकून होते. संगणक त्यांनी तिथेच शिकून घेतला आणि खोलीत जुना संगणक आला तेव्हा मोठ्या हौसेने मला तयार केले. क्वार्टर, कुटुंबप्रमुखाचे नाव, नेलेले भांडे, परत आले की नाही. बस, चार रकाने. कोणाचे खाते कोणते, हे ओळखण्यासाठी त्यांनी क्वार्टरचा नंबर धरला.

"नाव तर दोघांचं सारखं असू शकते," ते कौतुकाने म्हणत. "क्वार्टर नंबर एकच. त्यात गडबड होतच नाही."

तुम्ही हसू नका. भिलाईत कोणालाही तेच सुचले असते. इथे दूधवाला माणसाला क्वार्टरवरून ओळखतो. पेपरवाला, वीज दुरुस्तीवाला, सारेच. बायकासुद्धा म्हणतात, "ते अठरा सडकवाले, सात-एवाले." नाव नंतर निघते. भय्याजींनी सगळ्या टाउनशिपची सवय माझ्यात भरली. लोक कौतुक करत. "काय गा भय्याजी, एका मिनिटात सांगते हे!" असे कोणी म्हटले की मी फुगून जाई. तारखेचा रकाना त्यांनी ठेवला नाही. भांडे नेले की चार दिवसांत परत येते, तारीख कशाला?

सडक अठरा, सात-एमध्ये तेव्हा गुलाबराव राहत. एका उन्हाळ्यात त्यांची मुलगी हर्षा हिचे लग्न झाले, ते रिटायर झाले आणि त्यांनी क्वार्टर सोडून स्मृतिनगरात बांधलेल्या घरात सामान हलवले. सगळे एकाच महिन्यात. लग्नासाठी त्यांनी हिराबाईंचा गंज नेला होता. हिराबाई म्हणजे भय्याजींची आई. तिच्या नावाचा तो गंज भय्याजींनी स्वतः दिलेला. लग्नाच्या आणि घर बदलण्याच्या धांदलीत तो ट्रकमध्ये चढला आणि गुलाबरावांच्या नव्या स्वयंपाकघरात तांदळाने भरला गेला. काठावरचे नाव भिंतीकडे वळले. घरात कोणाला काही वाटले नाही.

मग सात-ए क्वार्टर नरेशला मिळाले. तो प्लांटमध्येच होता. सोबत त्याची आई गिरजाबाई आणि मुलगी खुशबू. भय्याजींनी माझ्या ओळीतून गुलाबरावांचे नाव काढले आणि त्या जागी नरेशचे नाव लिहिले. पुढचे दोन रकाने तसेच राहिले. गंज एक. परत नाही.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात एक खोटे जन्माला आले आणि ते मला कळलेही नाही. तक्त्याला काय कळते? त्याच्यात जे भरावे ते तो खरे धरतो. पुढे गुलाबराव स्मृतिनगरातून एक परात न्यायला आले, तेव्हा भय्याजींनी त्यांच्यासाठी नवी ओळ काढली, नव्या घराच्या नंबराने. ती ओळ कोरी, स्वच्छ. ज्याच्याकडे गंज होता तो निर्मळ झाला आणि ज्याने गंज पाहिलाही नव्हता तो बाकीदार.

वर्षे गेली. दुसरे गंज होते, काम चालत होते. एकदा भय्याजींनी सगळी भांडी कल्हईला काढली, तेव्हा आईचा गंज दिसेना. त्यांनी मला विचारले. मी एका मिनिटात सांगितले.

नेमक्या त्याच आठवड्यात गिरजाबाई खोलीत आल्या. खुशबूचे साक्षगंध ठरले होते. दोन गंज आणि एक कढई हवी होती. पांढरे स्वच्छ लुगडे, पायात रबरी चपला, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. खोलीत आणखी चार-सहा माणसे बसली होती.

"जयभीम भय्याजी. आमच्या खुशबूचं जमलं बरं का! पोरगा रेल्वेत आहे."

भय्याजींनी मान वर केली नाही. "आधीचा गंज आणा, बाई. मग दुसरा न्या."

"कोनता गंज?"

"माया मायचा. हिराबाईचा. तुमच्याकडं आहे."

"आमी तर कधी नेलाच नाही जी! आमच्या घरी लग्न नाही, काही नाही. कावून नेऊ आमी?"

भय्याजींनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे पाहा. अठरा सडक, सात-ए. नरेश. गंज, परत नाही. मी खोटं बोलीन, कंप्युटर खोटं बोलते का?"

बसलेल्यांपैकी कोणीतरी हलकेच म्हणाले, "पितळेचा आहे बाप्पा. कोनाचं मन नाही होनार?" आणि दोघे हसले.

गिरजाबाईंना वाचता येत होते. त्यांनी माझ्यावर बोट ठेवून आपल्या मुलाचे नाव वाचले. मग पुन्हा वाचले. आयुष्यात माझ्याकडे इतके निरखून कोणी पाहिले नव्हते. मला वाटले, आत्ता वीज जावी आणि पडदा काळा व्हावा. पण भिलाईत वीज सहसा जात नाही. मी लखलखत राहिलो.

त्या निघून गेल्या. साक्षगंधाचा स्वयंपाक त्यांनी भाड्याच्या भांड्यांत केला. चार दिवसांनी नरेश एक नवा पितळी गंज स्कूटरवर बांधून घेऊन आला. दुर्गच्या बाजारातून आणलेला, चकचकीत.

"मायनं पाठवला," तो म्हणाला. "आमी नेला नव्हता. पन पोरीच्या सासरी गोष्ट जाऊ नाही म्हनून पाठवला. आता ते नाव काढा तिथून."

भय्याजींनी 'परत नाही' पुसून 'हो' लिहिले. नव्या गंजाचा काठ कोरा होता. कोणाचे नाव घालायचे, हे नरेशने सांगितले नाही आणि भय्याजींनी विचारले नाही. बदल्यात आलेल्या गंजाने आई काही परत येत नव्हती, आणि नरेशचा आवाज चोराच्या घरचा वाटत नव्हता.

काही महिन्यांनी त्यांनी हर्षाला बोलावले. गुलाबरावांची ती लेक आता नेहरूनगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये डेटाबेस शिकवत होती. मी फार हळू झालो आहे, मला नवे रूप द्यावे, एवढेच भय्याजींना हवे होते. ती आली, चष्मा लावून बसली, आणि पहिल्याच नजरेत हसली.

"काका, हे काय? घर आणि माणूस एकाच ओळीत? माणूस घर बदलते नं!"

तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने तीन चौकोन काढले. एकात 'माणूस' लिहिले, एकात 'घर', एकात 'भांडे'. "ज्या गोष्टी आपापल्या जागी स्वतंत्र आहेत, त्यांना आपापला चौकोन. आणि प्रत्येक चौकोनात ज्याची त्याची पक्की ओळख, जी कधीच बदलत नाही." मग चौकोनांच्या मध्ये तिने तिरक्या चौकटी काढल्या.

"हे शंकरपाळे कावून?" भय्याजींनी विचारले.

"नाती आहेत काका. माणूस घरात *राहतो*. माणूस भांडे *नेतो*. माणूस भांडे *देतो*. आता सांगा, कधीपासून कधीपर्यंत राहिला, हे कुठं लिहाल? माणसात की घरात?"

भय्याजी विचारात पडले. "दोन्हीत नाही बसत."

"करेक्ट! ते शंकरपाळ्यात लिहायचं. राहण्याची तारीख राहण्याच्या नात्याची. नेण्याची तारीख नेण्याच्या नात्याची. एक माणूस कितीही भांडी नेईल, एक भांडं कितीही घरी फिरेल, कोणावर कोणी बसत नाही."

कोणावर कोणी बसत नाही. हे ऐकले आणि मला आतून हलल्यासारखे झाले. हर्षा माझ्या ओळी एकेक करून नव्या चौकोनांत नेऊ लागली. सडक अठरा, सात-ए आले, आणि तिचा हात थांबला.

"काका, ये तो हमारा क्वार्टर था!"

"होतं. तुमी गेले, नरेश आला."

"त्याचं नाव तुम्ही याच ओळीत लिहिलं? बाबांचं पुसून?"

"हो."

"आणि हा गंज? कोणता होता?"

"मायचा. काठावर नाव आहे, हिराबाई यांच्या स्मरणार्थ."

हर्षाने चष्मा काढला. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा मला जवळून दिसत होता. तो आधी फिका पडला आणि मग कानापर्यंत लाल झाला.

"काका," ती म्हणाली, "बाबांकडे तांदूळ एका गंजात असतात. माझ्या लग्नापासून."

दुसऱ्या दिवशी हर्षा आणि गुलाबराव गंज घेऊन आले. तळाशी चार तांदूळ चिकटलेले होते. गुलाबराव सारखे म्हणत होते, "मले वाटलं आपलाच आहे. इतकी वर्सं झाली, मले वाटलं आपलाच आहे." भय्याजींनी आईच्या नावावरून बोट फिरवले. पण त्यांना आनंद झाला नाही. ते उठले, सात-एला गेले आणि गिरजाबाईंना सोबत घेऊन आले. जी माणसे त्या दिवशी हसली होती त्यांनाही त्यांनी बोलावून ठेवले होते.

"बाई, चूक माई आहे," भय्याजी सगळ्यांसमोर म्हणाले. "कंप्युटरची नाही. त्याले मीच शिकवलं तसं. तुमचा गंज घरी न्या आणि मले माफ करा."

गिरजाबाईंनी दोन्ही गंजांकडे पाहिले. "माफ केलं जी. पन गंज नाही नेत. घरात ठेवला तर रोज दिसन."

"मग तुमच्या नावानं ठेवते," हर्षा घाईने म्हणाली. "देणाऱ्याच्या जागी तुमचं नाव लिहिते, आजी."

"नोको लिहू," गिरजाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी देल्ला नाही. तुमी घेतला."

हर्षाने 'देतो' या नात्याची ती जागा कोरी सोडली. सगळ्या नव्या डेटाबेसमध्ये तेवढी एकच कोरी जागा. आणि तो बिननावाचा गंज मधल्या फळीवर राहिला. कोणी मागितला नाही, भय्याजींनी कोणाला दिला नाही.

पुढे नरेश रिटायर झाला आणि सगळे ते घर सोडून गेले. सात-एमध्ये आणखी कोणी आले. माझ्या काळी गिरजाबाई तिथेच संपल्या असत्या. नव्या रचनेत त्या होत्या तशाच राहिल्या, फक्त राहण्याच्या नात्यावर एक तारीख चढली आणि दुसरे घर जोडले गेले. म्हणून खुशबूच्या लग्नाच्या आधी त्या खोलीत आल्या, तेव्हा भय्याजींनी घराचा नंबर विचारला नाही. नाव लिहिले आणि त्यांच्या नावापुढे काहीच बाकी नाही, हे त्यांना दिसेल असा पडदा वळवला.

गिरजाबाईंनी पडद्याकडे पाहिलेच नाही. फळीकडे बोट केले. "तो द्या. बिननावाचा."

लग्न झाले. पाचव्या दिवशी गंज परत आला, राखेने घासून लख्ख केलेला. भय्याजींनी उचलला आणि त्यांची बोटे काठावर थांबली. कोऱ्या काठावर आता अक्षरे होती: चि. सौ. कां. खुशबूच्या लग्नाप्रीत्यर्थ, आजी गिरजाबाई.

"आता देल्ला," गिरजाबाई म्हणाल्या. "आता लिहा."

भय्याजींनी लिहिले. त्यांना चष्मा दोनदा पुसावा लागला.

मित्रांनो, ती कोरी जागा भरली, पण ती माझ्यात नव्हती. मी 'जुने' या कप्प्यात आहे. दरवर्षी हर्षा मला क्लासमध्ये नेते, मोठ्या पडद्यावर उघडते आणि मुलांना विचारते, "यात काय चुकलं, सांगा." मुले पटापट चुका काढतात. कोणी म्हणते तारीख नाही, कोणी म्हणते ओळख चुकीची धरली. मी खाली मान घालून ऐकतो. लाज वाटते, पण ती वाटलीच पाहिजे असेही वाटते. मग हर्षा विचारते, "आणि ही चूक कोणाला लागली?" तेव्हा मुले पुन्हा पडद्यावर शोधतात, पण ते माझ्या कोणत्याच रकान्यात लिहिलेले नाही.

तुम्ही उद्या मोठे व्हाल. कोणी शाळेचा डेटाबेस कराल, कोणी दवाखान्याचा, कोणी गावाचा. पहिली रेघ ओढण्याआधी थोडे थांबा. समोर माणूस आहे की त्याचे घर, हे विचारा. माणूस जागा सोडून जातो, नाव बदलतो, म्हातारा होतो. त्याला त्याचा स्वतःचा चौकोन द्या. आणि कोणाकडे बोट दाखवण्याआधी, ते बोट ज्या ओळीवर टेकले आहे ती ओळ कशी भरली गेली, तेही पाहा.

हर्षाने शिकवण्यासाठी म्हणून माझ्यातला 'हो' पुसून तिथे पूर्वीचेच ठेवले आहे. सडक अठरा, सात-ए. नरेश. गंज एक. परत नाही. सगळ्या भिलाईला खरे काय ते कळले, गिरजाबाईंचे नाव पितळेवर उमटले, तरी माझ्या त्या ओळीला अजून तेवढेच बोलता येते. दर वर्षी नव्या मुलांसमोर ती उजेडात येते, आणि मला पुन्हा ते बोट दिसते, आपल्या मुलाच्या नावाखालून सावकाश सरकणारे.