शालनचं वाक्य

शालनला एका सिरियलमध्ये एक वाक्य होतं. असं शालन वीस वर्षं सांगत आली होती. ते वाक्य गल्लीत कुणी ऐकलेलं नव्हतं.

सिरियल म्हणजे ‘सतरा माणसं, एक चूल’. रोज संध्याकाळी साडेसातला एका मोठ्या घरातली सतरा माणसं भांडायची, रुसायची, एकमेकांच्या चपला लपवायची, आणि आठला पाच कमी असताना गळ्यात पडून रडायची. हसवायची मात्र. खोटं कशाला बोला, पोट धरून हसवायची. त्यांचं दुकान कोण चालवतं, सतरा ताटं कोण घासतं, हे कुणी विचारत नव्हतं. घरातल्या बायका सकाळी उठायच्या त्या काठापदराच्या साडीत, आणि स्वयंपाक आपोआप झालेला असायचा.

तो स्वयंपाक शालन करत होती. दोन हजार चार साली महिनाभर त्या सिरियलचं शूटिंग पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका थोरामोठ्यांच्या घरात झालं. युनिटच्या जेवणाचं काम घेतलेल्या माणसानं सिद्धार्थनगरातनं चार बायका नेल्या, त्यात ती एक. तसल्या घराच्या चुलीपाशी एरवी तिला कुणी उभं केलं नसतं. शूटिंगात चाललं, कारण तिथं बाईचं आडनाव विचारायला कुणाला टाईम नव्हता.

एक दिवस पंगतीचा सीन लागला. सतराच्या सतरा माणसं जेवायला बसणार, थोरला मुलगा भांडून ताटावरनं उठणार, त्याच्या मागं सगळे उठणार. वाढणारी बाई पाहिजे म्हणून डायरेक्टरनं शालनलाच आमटीचं पातेलं घेऊन उभं केलं. बोलायचं काही नव्हतं. पहिल्यांदा सगळे उठले. डायरेक्टर म्हणाला, परत. मागच्या परड्यात सतरा ताटं खड्ड्यात रिकामी झाली, परत वाढली. परत उठले. परत खड्डा. असं चार वेळा झालं. सकाळी चारला उठून शिजवलेलं. पाचव्यांदा ती सोन्यानं मढलेली माणसं भरल्या ताटावरनं उठायला लागली, तेव्हा शालनचं टाळकं सरकलं. कॅमेरा चालू आहे की बंद हे तिनं बघितलं नाही. तिनं पातेलं दाणकन आदळलं आणि ती म्हणाली, “बसा खाली! शिजवताना कुनाचा हात लागला न्हाय, आन टाकून उठताय व्हय?”

आणि सतरा माणसं खरोखर खाली बसली.

डायरेक्टर खुर्चीतनं पडायचा राहिला हसून. म्हणाला, हे ठेवा, हेच ठेवा. तेच ते वाक्य.

तो भाग ज्या दिवशी लागला त्या दिवशी शालनच्या दोन खोल्यांत गल्ली मावत नव्हती. पंगत बसली, थोरला उठला, आणि लाइट गेली. लोडशेडिंग. आली तेव्हा बातम्या चालू होत्या. शेजारची धोंडुबाई अंधारातच म्हणाली होती, “शालन, तुजं वाक्य लोडशेडिंगनं गिळलं बग.” आणि हे धोंडुबाईनं वीस वर्षं कुठल्या हळदीला, कुठल्या बारशाला सोडलं नाही. कुणी नवीन माणूस दिसलं की, “पावणं, ह्या आमच्या हिरोईन बरं का. ह्यांचा पिच्चर अंधारात लागतो.”

शालन चिडायची नाही. ती तेच वाक्य परत म्हणून दाखवायची. पण रात्री पाठ टेकली की वाटायचं, कापलं असलं तर?

आता त्या चॅनेलनं जुने सगळे भाग मोबाइलवर टाकले आणि सूनबाईनं, संघप्रियानं, ते शोधून काढले. नात शिवानी बारावीत. तिनं मोबाइल टीव्हीला जोडला.

“आज्जी, डायरेक्ट तुझ्या पंगतीचा सत्त्याऐंशीवा भागच लावतो की.”

“नको. पयल्यापासनं लाव,” शालन म्हणाली. “मला समदं बगायचं हाय.”

समदं बघायचं नव्हतं. सत्त्याऐंशीवा लांबवायचा होता.

तर दोन महिने दर रविवारी सकाळपासून घरात ‘सतरा माणसं’. मजा यायची. संघप्रिया हसता हसता मळलेल्या कणकेत तोंड लपवायची. शिवानीला ती सिरियल नवी होती, ती म्हणायची, “हे लोक एकमेकांना फोन का करत न्हाईत? एका फोनचं काम हाय, पंधरा भाग रडायलेत.” व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं ती मोठ्यानं वाचायची. काय ते दिवस, काय ती माणसं, आता अशी घरं राहिली नाहीत.

“ती घरं तवाबी नव्हती,” शालन म्हणायची. “आमी बगून आलोय. मदली भिंत शूटिंगपुरती पुट्ठ्याची उभी केल्याली हुती.”

आणि यल्लाप्पा. शालनचा नवरा. इचलकरंजीत बत्तीस वर्षं मागावर काढलेली. मागाच्या शेडमध्ये कान असून उपयोग नसतो, खटखटीत आवाज पोचतच नाही. तिथं माणसं ओठांवरनं बोलणं वाचतात. चार माग पलीकडचा कोण तंबाखू मागतोय आणि कोण मालकाला शिव्या घालतोय, हे यल्लाप्पाला बसल्या जागी कळायचं. आता कान पुरते गेलेत. कानातलं मशीन डबीत पडून असतं, चिरचिरतंय म्हणतो. टीव्हीचा आवाज त्याला शून्य. पण गंमत त्यालाच जास्त. पडद्यावर पुढं त्या घरातल्या थोरल्या सासूबाई, माई, डोळ्याला पदर लावून घराण्याची अब्रू सांगायच्या, आणि हा मधेच खो खो हसायचा.

“काय झालं आवं?” शालन हातानं विचारायची.

“त्यो मागं हुबा हाय न्हवं जावाई,” यल्लाप्पा बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सांगायचा, “त्यो शेजारच्याला म्हंतोय, ‘चा आला का?’”

असं करत सत्त्याऐंशीवा भाग आला. रविवार, सकाळचे अकरा. शालननं सकाळपासून दोन वेळा भांडी घासली. घासलेलीच. संघप्रियानं भडंग केला, त्यावर कांदा चिरला, आणि बरोबर कांद्याच्या वासाला धोंडुबाई आत आली.

“आज म्हनं निकाल हाय,” ती भिंतीला टेकून पाय पसरत म्हणाली. “लाइटवाल्यास्नी सांगून आलोय, आज लाइट घालवू नगासा म्हनून.”

“बस गं, हादड आन गप बग,” शालन म्हणाली. वीस वर्षं नातेवाइकांत, कामाच्या घरी, नातीच्या शाळेतल्या बाईंना सुद्धा सांगितलेलं. आज कापलेलं निघालं तर वीस वर्षं आपण थापा मारल्या असं होणार. आणि एका थापाड्या बाईचं पुढचं कुठलंच बोलणं कोण खरं धरतो?

पंगत आली. सतरा ताटं. थोरला मुलगा उठला. माई “अरे अरे” म्हणाल्या. सगळे उठायला लागले.

आणि कॅमेरा फिरला.

“आज्जीऽऽ!” शिवानी ओरडली.

चाळिशीतली शालन. पदर खोचलेला, केसाला तेल, मनगटावर कुकरच्या वाफेचा डाग. पातेलं दाणकन आदळलं. तिचं तोंड उघडलं, आणि त्यातनं साखरेच्या पाकातला एक नाजूक आवाज आला: “असं भरल्या ताटावरून उठू नका हो. अन्नदेवता रागावेल ना!”

सतरा माणसं खाली बसली. सनई वाजली.

शिवानीनं मोबाइल उचलून भाग थांबवला.

“आत्या,” संघप्रिया हळूच म्हणाली, “हा तुमचा आवाज न्हाय.”

“डब केलंय,” शिवानी म्हणाली. “दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घातलाय वरनं.”

शालन पडद्याकडं बघत राहिली. कापलं असतं तर बरं झालं असतं. कापल्यावर माणसाला म्हणता येतं, होतं, पण कापलं. आता तोंड तिचं होतं, मनगटावरचा डाग तिचा होता, आणि बोलत होती भलतीच कुणीतरी, मऊ, भित्री, ना ना करणारी. मुंबईत कुठल्यातरी गार खोलीत बसून कुणीतरी ठरवलं असणार, की कामवाली बाई असं बोलत नाही. अरे, ती असंच बोलते. तुमच्या घरात बोलत नसेल तर ती बाहेर जाऊन काय बोलते ते एकदा ऐका.

धोंडुबाईनं बोट चाटलं. “म्हंजे तू ते बोललीच न्हाईस. ‘शिजवताना हात लागला न्हाय’ आन काय काय. ही बाई तर अन्नदेवता म्हंती. वीस वर्सं आमाला भलतंच आयकवलंस व्हय गं?”

“मी बोललो हुतो,” शालन म्हणाली.

आणि त्याच वेळी यल्लाप्पा हसायला लागला. असा हसला की मांडीवरची ताटली उलटी झाली, भडंग खोलीभर. त्याच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं.

“तुमाला काय झालं आता?” शालन खेकसली.

“मुडद्यानु!” यल्लाप्पा गुडघ्यावर थाप मारत ओरडला. “मुडद्यानु म्हनलीस की गं तू त्यास्नी! ‘बसा खाली मुडद्यानु’! एवडाल्या मोट्या नटास्नी!”

शालननं झटकन तोंडावर हात ठेवला.

वीस वर्षांत तिनं हा शब्द कुणाला सांगितला नव्हता. यल्लाप्पालाही नाही. वाक्य सांगायची, शब्द गाळून. पोराबाळांपुढं काय सांगायचं, टीव्हीवर जाऊन शिवी दिली म्हणून? डायरेक्टर खुर्चीतनं पडायला झाला होता तो खरं म्हणजे त्याच शब्दाला.

“आज्जाला कसं कळलं?” शिवानी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला कळलं. “थांबा. मी मागं घेतो.”

तिनं आवाज बंद केला, भाग मागं घेतला आणि अगदी सावकाश सोडला. सगळ्यांनी माना पुढं काढल्या. धोंडुबाई तर टीव्हीला नाक लावून बसली. पडद्यावरच्या शालनचे ओठ घट्ट मिटले आणि उघडले.

“बऽसा,” शिवानी म्हणाली. “बघा, ओठ मिटले. ती बाई ‘असं’ म्हणते, त्याला कुठं ओठ मिटतात?”

ओठ परत मिटले, चंबू झाला.

“मु,” यल्लाप्पानं शाळेतल्या मास्तरासारखं बोट दाखवलं. “मुड. द्या. नु. आता ‘शिजवताना’. आता बग, ‘हात’. त्या मागातनं मी हिच्यापेक्षा लांबचं वाचलंय.”

धोंडुबाईनं तीनदा मागं घ्यायला लावलं. मग ती सावकाश वळली. वीस वर्षांची चेष्टा हातची गेलेली बाई तोंड पाडून बसेल असं वाटलं होतं. पण तिचा चेहरा दिवाळीसारखा उजळला होता.

“भवाने,” ती म्हणाली, “एवडं झणझणीत वाक्य आन तू आमाला बिनमिठाचं सांगत आलीस? वीस वर्सं? मला पयल्याच दिशी मुडद्यानु म्हनून सांगितलं आस्तंस तर मी एका शबुदानं चेष्टा केली न्हवती. हे तू बोलनारच! काल नळावर मलाच म्हनलीस!”

संघप्रिया हसून हसून भिंतीला कलंडली. शालनच्याही तोंडातनं हसू फुटलं, घशातनं नाही, पोटातनं. हसता हसता ती एकदम थांबली.

“पर त्यांनी माजा आवाज फेकून दिला की गं,” ती म्हणाली. “तोंड वापारलं आन आवाज टाकून दिला. खरकट्यावानी.”

“मग तू घाल की परत,” शिवानी म्हणाली. “आवाज बंदच हाय. मी लावतो, तू बोल.”

“आता? हितं?”

“मग काय मुंबईला जातीस?”

शालन उठली. पदर खोचला. पडद्यावर थोरला उठला, कॅमेरा फिरला, आणि शालन बोलली; पण पडद्यावरची शालन पुढं निघून गेली आणि ही ‘शिजवताना’ला मागंच राहिली. वीस वर्षं गाळून म्हणायची सवय. शब्द आठवायचा, जीभ त्याच्यावरनं उडी मारायची.

“परत,” यल्लाप्पा म्हणाला. त्याला ऐकू येत नव्हतं. तो एक डोळा टीव्हीवर आणि एक बायकोच्या ओठांवर ठेवून बसला होता.

दुसऱ्यांदा ती लवकर बोलली. तिसऱ्यांदा ‘मुडद्यानु’ला हसायला आलं. शेजारच्या दारातनं दोन डोकी आत डोकावली. चौथ्यांदा शालननं टीव्हीकडं बघणंच सोडलं. ती त्या दिवशीच्या परड्यातल्या खड्ड्याकडं बघायला लागली, सतरा गुणिले चार ताटांकडं, आमटीच्या चिखलाकडं. हाताला पातेलं नव्हतं म्हणून तिनं भडंगाचं भगुलं उचललं आणि दाणकन आदळलं.

“बसा खाली मुडद्यानु! शिजवताना कुनाचा हात लागला न्हाय, आन टाकून उठताय व्हय?”

ओठाला ओठ लागला. शब्दाला शब्द. आणि पडद्यावर सतरा माणसं तिच्या आवाजाला दबून मुकाट खाली बसली.

“बसलं,” यल्लाप्पा म्हणाला.

दारातली डोकी टाळ्या वाजवायला लागली. “आता फुडचं मी बोलनार,” धोंडुबाई जाहीर करून मोकळी झाली. “माई माज्याकडं. म्हातारीला कवापासनं सांगायचं हुतं मला.” माईंनी पडद्यावर डोळे पुसले आणि धोंडुबाईनं त्यांच्या तोंडात घातलं, “आगं सूनबाई, आमटीत मीठ कोन घालनार, तुजा बा?” संघप्रियानं धाकट्या सुनेचा आवाज काढला आणि सासूला असं उत्तर दिलं की शालननं तिच्याकडं वळून बघितलं. यल्लाप्पाला जावई दिला. त्यानं इमानदारीत ओठ वाचून सांगितलं, “चा आला का?”

भाग संपला तेव्हा कुणाचा घसा धड राहिला नव्हता.

“अठ्ठ्याऐंशीवा लावू?” शिवानीनं विचारलं.

“लाव,” शालन म्हणाली. “आवाज बंदच ठेव.”

अठ्ठ्याऐंशीव्या भागात थोरला मुलगा अंगणात उभा राहून हात पसरून काहीतरी लांबलचक सांगत होता. एकत्र कुटुंबाबद्दलच असणार. त्याच्या मागं एक बाई पाठमोरी वाकून अंगण झाडत होती. तिचं तोंड काही दिसत नव्हतं.

“ती कोन गं?” धोंडुबाईनं विचारलं.

“पारगावची हुती एक,” शालन म्हणाली. “नाव इसरलं बग. दोन दीस आलती.” ती पुढं सरकली, पडद्याजवळ. बाई झाडत झाडत थोरल्याच्या पायांपर्यंत आली आणि तिथं अडली.

“ए भाषनवाल्या,” शालन तिच्या वतीनं म्हणाली, “पाय उचल आदी. किती वेळ झालं हितंच झाडायलोय मी!”