तीन पास्टरांचा एकोपा

आमच्या पाड्यावर देवाची तीन घरं आहेत आणि त्या तिघांत परवापरवापर्यंत विस्तवही जात नव्हता. टेकडीवर करमसिंग पास्टर. त्यांच्या प्रार्थनेत लोक कुणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलतात, आणि तापाची गोळी घेतली तर विश्वास कमी पडला असं समजतात. नाल्याकडे राजेंद्र पास्टर, सपाटीवरून आलेले, अहिराणी बोलणारे. त्यांच्या मते पुस्तकात लिहिलंय तेवढंच खरं, आणि करमसिंगकडची ती भाषा सैतानाची. तिसरे गोवाल पास्टर शनिवार पाळतात. चहासुद्धा पीत नाहीत इतका सोवळा माणूस, पण रविवारवाले सगळे नरकात जाणार हे अगदी गोड आवाजात सांगतो.

आम्हाला ही भांडणं सोयीची होती. एकानं रागावून काढलं की दुसरा हसून घ्यायचा. माझा नवरा ईश्वर एका लग्नात ढोलावर नाचला म्हणून गोवालनी त्याला काढला, तर करमसिंगनी लगेच बोलावून पुढं बसवला. तो आता गुजरातेत ऊसतोडीला आहे, नाहीतर तिथंही टिकला नसता.

मग मागच्या उन्हाळ्यात तिघं मोलगीच्या बाजारात एकाच बाकावर बसलेले दिसले. दोघं चहा पीत होते, गोवाल पाणी. लोक हसले, म्हणाले, तीन तिघाडा काम बिगाडा. पण त्यांचं जमलं. शनिवार-रविवारावर नाही, भाषेवर नाही, गोळीवर तर नाहीच नाही. जमलं ते एकाच गोष्टीवर: जुन्या देवांचं काही विश्वासणाऱ्याच्या घरात होऊ द्यायचं नाही. ढोल नाही, झाडफूक करणारा बडवा नाही, मोहाची धार नाही. ज्याच्या घरी होईल त्याला एकानं काढलं की तिघांनी काढलं, आणि त्या घराशी सोयरीक बंद. पळून जायला दुसरं दार उरलं नाही. तिघांनी मिळून माळावर विश्वासणाऱ्यांसाठी वेगळी दफनाची जागाही केली. ती अजून रिकामीच होती.

अशात माझी आई कालीबाई गेली. पहाटे चुलीपुढं बसली होती, तिथंच कलंडली.

आई तिन्हीकडे जायची. शनिवारी गोवालकडे, कारण तिथं डाळभात मिळायचा. रविवारी सकाळी राजेंद्रकडे माझ्यासोबत, आणि दुपारी करमसिंगकडे, गुडघ्यासाठी. बाप्तिस्मा मात्र तिनं कुणाचाच घेतला नाही. नदीत बुडायचं म्हटलं की हसायची, म्हणायची, मला पोहता येत नाही. आणि मला सांगून ठेवलं होतं, बाकी काही करा, आशा, माझी धार चुकवू नको.

धार म्हणजे मोहाची दारू. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन ती त्याच्या मातीवर सोडायची. जिवंत माणसाच्या नावानं कुणी सोडत नाही. धार नाही मिळाली तर मेलेलं माणूस आपल्या वाडवडिलांत जाऊन बसू शकत नाही, तहानलेलं वाटेवरच राहतं. मी आता हे मानत नाही, पण आई मानत होती.

तिन्ही पास्टर अंगणात एकाच चटईवर बसले. राजेंद्रनी मला विचारलं, "आशाबाई, तुन्ही मायले बाप्तिस्मा कोनी दिधा व्हता?"

करमसिंग गोवालकडे बघायला लागले, गोवाल राजेंद्रकडे. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्यानं दिला असणार. वेगळ्या दिवशी असते तर मला हसू आवरलं नसतं.

"जाऊ द्या," राजेंद्र म्हणाले. "कोनीबी दिधा व्हई. आते आपन तिन्हीजन एकच शेतस."

तेवढ्यात धडगावकडून जीपनं डोंगरसिंग मामा आला, आईचा धाकटा भाऊ. झोळीत बाटली होती, ती त्यानं लपवली नाही. मला भिंतीशी बोलावून तो आमच्या पावरी बोलीत म्हणाला, "तिनं यांचं पाणी घेतलं नाही, एवढं सांग. मी तिला घेऊन जातो. आपल्या माणसांत ठेवतो."

दारात माझी मुलगी रिना उभी होती. तिचं लग्न गोवालच्या मंडळीतल्या घरात ठरलंय, होळीनंतर. पोरगा चांगला आहे, तिचा जीव आहे त्याच्यावर. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला सगळं कळत होतं. मी बोलले तर आजीची धार होणार होती आणि तिचं लग्न मोडणार होतं.

"तू बोलत का नाहीस?" मामानं विचारलं.

मला रडू येत नव्हतं, राग येत नव्हता, काहीच येत नव्हतं. मी आत जाऊन आईच्या अंगावरची चादर नीट केली. ती आधीपासूनच नीट होती.

माळावर आईला खाली ठेवलं, माती लोटली. मग तिघांनी ठरवलं की सगळ्यांनी हात धरून मातीभोवती कडं करायचं. अशी प्रार्थना पाड्यानं कधी पाहिली नव्हती. करमसिंग त्यांच्या भाषेत ओरडत होते, राजेंद्र पुस्तकातून वाचत होते, गोवाल डोळे मिटून पुटपुटत होते. कुणी कुणाला थांबवलं नाही. माझा एक हात राजेंद्रच्या बायकोच्या हातात होता, दुसरा रिनाच्या होणाऱ्या सासूच्या. तिची पकड घट्ट होती. मला बोटं जाणवत नव्हती.

मामा कड्याच्या बाहेरून फिरला. कुणी वाट दिली नाही. तो माझ्या मागं येऊन थांबला.

"हात सोड, आशा. मला आत जाऊ दे."

एक हात सोडला असता तर पुरलं असतं. मी समोर मातीकडे बघत राहिले. त्यानं पुन्हा सांगितलं नाही. मोहाचा वास आला आणि माझ्या टाचेपाशी ओलं झालं. आत जाता येत नाही म्हणून त्यानं तिथंच धार सोडली होती. तो हळू आवाजात आईचं नाव घेत होता, कालीबाई, कालीबाई. आईची माती तिथून चार हात लांब होती.

मी म्हटलं, आता तो जाईल. पण टाचेला पुन्हा गार लागलं. ही दुसरी धार होती, आणि या खेपेला त्यानं माझं नाव घेतलं.

तिन्ही पास्टर एकदम आमेन म्हणाले. मीही म्हणाले.